आईच्या दातांवरचे पट्टे, मुलीच्या दातांवरचे डाग : घरगुती दंतमंजनाचे एक प्रकरण

पुण्यात राहणारे एक कुटुंब आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा आईने सांगितलेल्या तक्रारीतच तिने केलेले निदानही होते. मुलीच्या नव्याने आलेल्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे डाग दिसू लागले होते आणि ते फ्लोराइडचेच, म्हणजे पाण्यात आणि टूथपेस्टमध्ये असणाऱ्या त्या क्षाराचेच आहेत, याविषयी आईच्या मनात शंका नव्हती. तिला पडलेले कोडे वेगळेच होते. मुलगी पाच वर्षांची असतानाच घरातून टूथपेस्ट गेली होती; आई, वडील आणि मुलगी घरी तयार केलेल्या दंतमंजनाने दात घासत होते. फ्लोराइड पूर्ण बंद करूनही फ्लोराइडचे डाग आले कुठून, असा तिचा प्रश्न होता.

कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळून हे प्रकरण मांडत आहे. टूथपेस्ट सोडून नैसर्गिक पर्यायांकडे वळलेली घरे आता कमी नाहीत, आणि त्यांच्याशी बोलताना दंतवैद्य बहुधा घाईने ‘ते बंद करा’ एवढेच सांगून मोकळे होतात. या आईला तसे सांगितले असते तर ती परत आली नसती, कारण तिचा निर्णय ऐकीव माहितीवर आधारलेला नव्हता.

आईचे माहेर

आईचे बालपण यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूच्या एका गावात गेले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या फत्तराचा आहे आणि त्यातून येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. विदर्भाच्या पूर्व आणि दक्षिण कडेला, तसेच नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला मात्र हा फत्तर विरळ होत जातो आणि त्याहून जुने खडक वर येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आणि नागपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते, त्याचे मूळ या खडकांमधील खनिजांत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगावी बोअर खोदून हातपंप बसवण्यात आले. उघड्या विहिरीपेक्षा हापशीचे पाणी जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होते, ही गोष्ट खरीच आहे. पण खोलवरच्या खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी बाहेर येताना फ्लोराइडही बरोबर घेऊन आले आणि ते डोळ्यांना किंवा जिभेला कळण्याजोगे नव्हते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. त्याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण जन्मापासून आठ वर्षांपर्यंत, रोज पोटात गेले तर दाताचे वरचे कवच, ज्याला आपण एनॅमल म्हणतो, नीट पक्के होत नाही. ते सच्छिद्र राहते, त्यात पुढे बाहेरचे रंग मुरतात आणि दात उगवल्यानंतर काही वर्षांत त्यावर तपकिरी आडवे पट्टे उमटतात. प्रमाण फार असेल आणि असे पाणी वर्षानुवर्षे प्यायले गेले तर हाडे आणि सांधेही आखडतात. आईच्या वरच्या पुढच्या दातांवर असे पट्टे होते, आणि लग्न ठरवण्याच्या काळात त्या दातांवरून तिला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते. ती म्हणाली, “माह्या दाताचं जे झालं, ते पोरीच्या दाताचं नाही होऊ देणार, डॉक्टर.” हे वाक्य ऐकल्यावर पुढची सगळी हकिगत समजण्याजोगी होती.

मुलगी पाच वर्षांची असताना एके दिवशी टूथपेस्टच्या खोक्यावर ‘फ्लोराइडयुक्त’ असा उल्लेख आईच्या नजरेस पडला आणि त्याच आठवड्यात तिने ती पेस्ट बंद केली. सुरुवातीला तिने ट्यूबच्या शेवटी हिरवा चौकोन असलेली पेस्ट आणून पाहिली, कारण हिरवा चौकोन म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे रासायनिक, असे तिला कोणीतरी पाठवले होते. हा चौकोन ट्यूब कुठे कापायची आणि कुठे बंद करायची हे कारखान्यातील यंत्राला कळावे यासाठी छापलेली खूण असते आणि आतल्या घटकांशी तिचा काहीही संबंध नसतो. तरीही हा समज इतका पसरला आहे की येथे तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्यानंतर तिने बाभळीच्या आणि कडुलिंबाच्या काड्या आणल्या. मुलीने कडू काडी एकदाच चावली आणि फेकून दिली. शेवटी आईने घरीच मंजन करायला घेतले.

मंजनात काय होते

पुढच्या भेटीला येताना मंजनाची बरणी घेऊन या, असे मी सांगितले होते. त्यात त्रिफळा चूर्ण, बाभळीच्या सालीची पूड, वाळवलेली कडुलिंबाची पाने, लवंग, सैंधव, फुलवलेली तुरटी आणि बदामाच्या टरफलांचा कोळसा होता. सगळे मिक्सरवर बारीक करून चहाच्या गाळणीने चाळलेले होते.

यातील प्रत्येक घटकाला परंपरेत स्थान आहे आणि काहींच्या उपयोगाला आजच्या ज्ञानाचाही आधार आहे. बाभळीच्या सालीतील टॅनिन हिरड्यांना आवळून धरते. लवंगेतील युजेनॉल ठणका कमी करते, म्हणून ते दंतवैद्यकाच्या साहित्यात आजही आहे. कडुलिंबाचा अर्क प्रयोगशाळेत तोंडातील काही जंतूंची वाढ रोखतो. दातवणाची थोरवी तर अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातील दिनचर्येतच सांगितलेली आहे : बारा अंगुळे लांब, करंगळीच्या अग्राएवढी जाड, मऊ टोकाची, तुरट, तिखट किंवा कडू चवीची काडी घ्यावी आणि हिरड्यांना इजा होऊ न देता ती चावावी, असे तेथे म्हटले आहे. ज्याला खोकला, ताप किंवा तोंड आलेले आहे, त्याने ती वापरू नये, असाही निर्देश आहे. हिरड्यांना इजा होऊ नये ही अट परंपरेनेच घातलेली आहे, हे मी आईला मुद्दाम सांगितले, कारण पुढचे सगळे त्या अटीशी जोडलेले होते.

मंजनाची चिमूट मी तिच्या अंगठ्यावर ठेवली, वर पाण्याचा थेंब टाकला आणि अंगठा व तर्जनीत ते चोळायला सांगितले. कोळशाची आणि सालीची कचकच तिला लगेच जाणवली. पूर्वी मंजन वस्त्रगाळ करीत, म्हणजे मलमलीच्या कापडातून खाली उतरेल तेवढीच पूड घेत. चहाच्या गाळणीतून त्याच्या कितीतरी पट जाड कण खाली येतात. मग स्टीलच्या वाटीत थोडे मंजन पाण्यात कालवून त्यात आम्लता मोजण्याची कागदी पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पाहता पाहता नारिंगी झाला. शेजारच्या रंगतक्त्यावर तो आम्लतेच्या ५.५ या आकड्याच्या बराच खाली जुळत होता; हा आकडा (पीएच) जितका कमी, तितके आम्ल जास्त. तुरटी पाण्यात विरघळली की आम्ल तयार होते आणि त्रिफळ्यातील आवळाही आंबटच असतो. एनॅमलमधील खनिज साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. अर्थात, मंजन तोंडात थोडाच वेळ असते आणि लाळ ते आम्ल सौम्य करते, त्यामुळे एवढ्यानेच दात किडतात असे म्हणता येणार नाही. पण आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर लगेच खरखरीत कण घासले जात होते, ही जोडी वाईट होती.

या जोडीचा परिणाम मुलीपेक्षा आईच्याच दातांवर जास्त दिसला. ती दिवसातून दोनदा तर्जनीने जोर देऊन आडवे घासत असे. डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दातांवर हिरडीलगत खाचा पडल्या होत्या आणि गार पाणी लागले की कळ येत होती. ती कळ तिने ‘दात मजबूत होत असताना येते’ असे समजून सोसली होती. दुसऱ्या बाजूला, तिच्या हिरड्या घट्ट होत्या आणि त्यांतून रक्त येत नव्हते. हे श्रेय मंजनाला, आणि त्याहून अधिक तिच्या नियमितपणाला, द्यायलाच हवे.

डाग कशाचे होते

मुलीच्या दातांकडे आता वळतो, कारण प्रकरणाचा गाभा तेथे आहे. मुलीला खुर्चीत बसवून पुढचे दात कापसाने पुसले आणि त्यांवर हवेचा झोत सोडला. ओले असताना पुसट दिसणारे डाग कोरडे होताच खडूसारखे पांढरेफटक आणि निस्तेज दिसू लागले. ते हिरडीच्या कडेने अर्धचंद्राकार होते आणि जिथे सकाळ-संध्याकाळ मऊ पांढरट थर साचून राहत होता, नेमके तिथेच होते. दाताच्या मधल्या भागात किंवा चावण्याच्या कडेवर एकही रेघ नव्हती.

फ्लोराइडचे डाग असे नसतात. दात हिरडीच्या आत घडत असतानाच ते तयार होतात, म्हणून एकाच काळात घडलेल्या डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर ते सारखेच उमटतात. दातावर आडव्या, बारीक, ढगाळ रेघा दिसतात आणि त्या हिरडीच्या कडेला धरून नसतात. आईला मी आरसा दिला आणि तिचे दात व मुलीचे दात एकाच वेळी पाहायला सांगितले. तिच्या दोन्ही मधल्या दातांवरचे पट्टे एकाच उंचीवर होते. मुलीचे डाग हिरडीची कड जशी वळते तसे वळत होते. ते किडीची पहिली पायरी होते. थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल एनॅमलच्या आतील खनिज काढून घेते आणि पोकळ झालेला तो भाग पांढरा दिसतो. वरची पातळ साय अजून शाबूत असते, म्हणून अशा डागावर टोकदार अवजार टोचून पाहू नये. मागे दोन दुधाच्या दाढा पोखरलेल्या होत्या आणि सहाव्या वर्षी आलेल्या कायमच्या दाढांच्या खाचांत तपकिरी झाक दिसू लागली होती.

आईने ज्याला फ्लोराइडचा अतिरेक मानले होते, ती त्याच्या अभावात वाढलेली कीड होती. हे तिच्या गळी उतरायला वेळ लागला. तिने विचारलेला पुढचा प्रश्न अगदी योग्य होता : बाळंतपणासाठी ती माहेरी राहिली होती, तेव्हाच्या पाण्याचे काय? त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. आई जास्त फ्लोराइडचे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते फार थोडे उतरते आणि बाळ त्या महिन्यांत फक्त अंगावर पीत होते. नंतरची सगळी वर्षे मुलगी पुण्यात राहिली. पुण्याच्या नळाला खडकवासला धरणसाखळीतून येणारे पाणी पृष्ठभागावरचे आहे आणि त्यात फ्लोराइड कमी असते. तरीही त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे आणि बोअरचे पाणी येत असल्याने ते तपासून घ्यायला मी सांगितले. अहवालात प्रमाण मर्यादेच्या बरेच खाली निघाले. तोपर्यंत मी पेस्टविषयी काहीही ठरवले नव्हते. यवतमाळकडच्या माणसाला पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय फ्लोराइडचा सल्ला देऊ नये, असे माझे मत आहे.

मात्रेचा हिशेब

आईचा विश्वास बसला तो आकड्यांनी. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएमच्या वर असू नये असा नियम आहे, म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते; त्यात पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असते आणि त्यातील बहुतेक थुंकून टाकले जाते. याउलट लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दिवसाला एक लिटर पिणाऱ्या मुलाच्या पोटात ४ मिलिग्रॅम जातात, आणि तेही रोज, दात घडण्याच्या सगळ्या वर्षांत. शिवाय आठ वर्षांच्या मुलीच्या वरच्या मधल्या दातांचे कवच चार-पाच वर्षांपर्यंतच पूर्ण होऊन गेलेले असते. त्यानंतर पेस्टमुळे त्या दातांवर पट्टे उमटणे शक्य नाही. पेस्ट गिळण्याची भीती खरी असते ती त्याआधीच्या वयात, आणि म्हणूनच तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा या वयात वाटाण्याएवढी पेस्ट मोठ्या माणसाने स्वतः लावून द्यावी, असे सांगितले जाते.

पेस्टमधील फ्लोराइडचे काम दाताच्या पृष्ठभागावर चालते. आम्लाने निघून गेलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेतून परत दातात बसायला ते मदत करते, आणि त्यातून तयार होणारे खनिज आम्लापुढे मूळच्यापेक्षा अधिक टिकून राहते. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय समूहाने २००३ मध्ये मुलांवरील चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा फ्लोराइड नसलेल्या पेस्टच्या तुलनेत फ्लोराइडच्या पेस्टने कायमच्या दातांतील नवी कीड सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. बाभळ, कडुलिंब, लवंग, त्रिफळा यांपैकी कोणीही हे काम करीत नाही. ही झाडे हिरड्यांसाठी आणि थर काढण्यासाठी उपयोगी आहेत. त्यांच्याकडून जे काम होत नाही त्याची अपेक्षा ठेवली, की अपयशाचे खापरही त्यांच्यावर फुटते.

आणखी एक गोष्ट आईने संकोचाने सांगितली. साताऱ्याहून येणाऱ्या सासूबाई मिश्री लावीत आणि ‘हेही घरचेच, भाजलेले, शुद्ध’ म्हणून कधीकधी नातीच्या बोटालाही लावायला पाहत. आईने ते होऊ दिले नव्हते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. तिच्यात निकोटिन असते, तिची सवय लागते आणि तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनाच्या उत्पादनावर व विक्रीवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यापर्यंत कोणतीही बंदी पोचत नाही. सासूबाईंच्या तोंडाची तपासणीही आम्ही त्यानंतर करून घेतली. सुदैवाने गालाच्या आत चट्टा नव्हता. मिश्री सोडण्याचे त्यांनी कबूल केले आहे, मात्र ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

पुढे काय ठरले

मंजन बंद करायला मी सांगितले नाही. तुरटी, कोळसा आणि मीठ काढून टाकावे, उरलेले मलमलीतून गाळून घ्यावे आणि ते फक्त मोठ्यांनी, सकाळी, हिरड्यांवर बोटाने हलके चोळण्यासाठी वापरावे, असे ठरले. दात घासण्यासाठी सर्वांनी मऊ ब्रश घ्यायचा. मुलीने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी १००० पीपीएमची वाटाण्याएवढी पेस्ट वापरायची, थुंकायची आणि भसाभसा चूळ भरायची नाही, म्हणजे थोडे फ्लोराइड दातांवर राहते. रात्रीचा ब्रश आईने स्वतः करायचा, कारण आठ वर्षांच्या मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही. पोखरलेल्या दुधाच्या दाढा ग्लास आयनोमरने भरल्या, कायमच्या दाढांच्या खाचा सीलंटने बंद केल्या आणि पांढऱ्या डागांवर दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावले. आईच्या खाचांपैकी खोल असलेल्या दोन भरल्या.

या सगळ्याइतकेच महत्त्वाचे होते खाणे. मुलगी शाळेच्या बसमध्ये रोज क्रीमची बिस्किटे खात होती आणि रात्री साखर घातलेले दूध पिऊन थेट झोपत होती. मंजन नैसर्गिक असल्याने दातांची काळजी मिटली, या समाधानात ही बाब कोणाच्या लक्षात आली नव्हती. बिस्किटे पूर्ण थांबली नाहीत, पण ती जेवणाबरोबर द्यायची आणि रात्रीचे दूध ब्रश करण्याआधी, ही शिस्त घराने पाळली. फ्लोराइड अजिबात नको म्हणणाऱ्यांसाठी हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या, म्हणजे एनॅमल ज्या खनिजाचे बनलेले असते त्याच्या, पेस्ट आता मिळतात, त्या जपानमध्ये बऱ्याच काळापासून वापरात आहेत. या मुलीला सुरू झालेली कीड पाहता मी तो मार्ग सुचवला नाही.

सहा महिन्यांनी मुलगी परत आली तेव्हा पुढच्या दातांवरचे डाग पूर्ण गेलेले नव्हते, आणि असे डाग क्वचितच पूर्ण जातात. हवेच्या झोताखाली ते पूर्वीइतके खडूसारखे दिसत नव्हते. त्यांवर चकाकी आली होती आणि पृष्ठभाग टणक झाला होता, म्हणजे कीड तेथे थांबली होती. नवी पोखर नव्हती. आईची गार पाण्याची कळ पुष्कळ कमी झाली होती. तिच्या स्वतःच्या पट्ट्यांवर उपाय हवा का, असे मी विचारले, तर सध्या नको, असे ती म्हणाली.

त्या भेटीत तिने माहेरच्या भाचरांचा विषय काढला. तिथे अजून काही घरे जुन्या हापशीचेच पाणी पितात. त्या मुलांसाठी माझा सल्ला पुण्यातील मुलीसारखा नाही. पाण्यातील प्रमाण १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी पाणी बदलले पाहिजे, आणि ते बदलेपर्यंत सहा वर्षांखालील मुलाला फ्लोराइड नसलेल्या पेस्टने किंवा नुसत्या ओल्या ब्रशने दात घासायला देण्यात मला काही गैर वाटत नाही. त्या गावात तिची जुनी भीती बरोबरच ठरते. बाटली स्वच्छ धुऊन, त्याच हापशीच्या पाण्याने खळखळून भरायची आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीमार्फत द्यायची, हे मी तिला कागदावर लिहून दिले. तिने तो कागद तिथेच मोबाइलवर टिपला आणि वहिनीला पाठवला.